डबे घरात, चूल बाहेर

ज्या कंपनीसाठी मी सबटायटलं लिहिते, तिच्याकडून मार्चमध्ये एक फॉर्म आला. घरून काम करणाऱ्या सगळ्यांनी भरायचा. अकरा प्रश्न. कामाची खोली कोणती? बाहेर पडायच्या वाटेत सामान ठेवलंय का? एका प्लगवर किती उपकरणं चालतात? धुराचा अलार्म आहे का? आग विझवायचा सिलिंडर आहे का, आणि तो शेवटचा कधी भरला? दहा प्रश्नांची उत्तरं मी चहा पिता पिता देऊन टाकली, त्यातली तीन सरळ खोटी. अकराव्यापाशी मात्र अडले. ‘कामाच्या जागेतील अग्निसुरक्षेस जबाबदार व्यक्तीचे नाव.’ पुढे एकच ओळ, एकाच नावापुरती.

माझी कामाची जागा म्हणजे दादर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतलं जेवणाचं टेबल. जिना लाकडी. टेबलाखाली एक एक्स्टेंशन बोर्ड, त्यात खोचलेला दुसरा एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर दोन मॉनिटर, चार हार्ड डिस्क, राउटर आणि कायम गुणगुणणारा यूपीएस. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आईचा पानाचा डबा. आई ब्याऐंशीची आहे. दिवसातून तीनदा ती चार्जरला हात लावून बघते आणि म्हणते, ‘तापलाय. काढू का?’ मी म्हणते, ‘राहू दे.’ मी दुसरीकडे वळले की ती काढते.

हे आमच्या घराण्यात मुरलेलं आहे. पण ते सांगण्याआधी पाच मिनिटं चालून रस्त्यावर जायला हवं, कारण सिनेमाचं काम घरात आणण्याची सुरुवात तिथे झाली.

आज ज्याला दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात तो १९१२ साली दादर मेन रोड होता. धुंडिराज गोविंद फाळके आपलं बिऱ्हाड घेऊन तिथल्या ‘मथुरा भवन’ नावाच्या बंगल्यात राहायला आले. वय बेचाळीस. त्याआधी फोटोग्राफी झाली होती, छापखाना झाला होता, भागीदारांशी बिनसून तो सुटलाही होता. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि त्या वर्षी फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली, कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र मागवलं आणि ते परत आले. विमा गहाण ठेवून माणसाने विकत काय घेतलं, तर घरात ठेवता येण्याजोग्या वस्तूंपैकी जवळजवळ सर्वांत ज्वालाग्राही वस्तू. त्यांच्या चरित्रातला हा विनोद कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ बनतो. बंदुकीच्या दारूऐवजी वापरल्या जाणाऱ्या ‘गनकॉटन’चा हा सख्खा चुलतभाऊ. जळायला लागणारा प्राणवायू त्याच्या रेणूतच असतो. त्यामुळे पेटलेलं रीळ गोधडीने दाबलं तरी विझत नाही, वाळूने विझत नाही, पाण्याच्या बादलीत बुडवलं तरी आत जळत राहतं आणि वर विषारी धूर सोडतं. ताजी फिल्म पेटायला निखारा किंवा तापलेला दिवा लागतो. जुनी, सडायला लागलेली फिल्म तेवढीही वाट पाहत नाही. चाळीस अंशांच्या थोड्या वर, बंद डब्यात काही आठवडे राहिली तर ती स्वतःहून पेट घेऊ शकते. चाळीस अंश म्हणजे आपल्याकडचा एप्रिल.

तर हे घरात आलं. बंगल्याच्या आवारात काचेची खोली उभी राहिली, फिल्म धुण्यासाठी अंधारखोली तयार झाली. दिवसा चित्रण, रात्री धुलाई. बाजूला संसार चालूच होता: मुलं, पाहुणे, आणि कामावरची सगळी माणसं जेवायलाही तिथेच. साठ-सत्तर पानांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके पाहत. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवत, म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा.’ थाप होती, पण शब्द अचूक होता. तो कारखानाच होता. फक्त त्याला कारखान्याची भिंत नव्हती, पहारेकरी नव्हता आणि मधोमध स्वयंपाकघर होतं.

सरस्वतीबाईंच्या वाट्याला आलेल्या कामांत मला एक सगळ्यांत जास्त जवळचं वाटतं. कच्ची फिल्म तेव्हा बिनछिद्रांची मिळे. कॅमेऱ्याच्या दात्यांनी ती ओढून घ्यायची तर दोन्ही कडांना छिद्रं हवीत, आणि ती पाडायची अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. म्हणजे यंत्रात पट्टी सरकवायची ती बोटांच्या स्पर्शाने, कड बरोबर बसली की नाही तेही बोटांनीच ओळखायचं. फाळक्यांच्या या पहिल्या चित्रपटाची, ‘राजा हरिश्चंद्र’ची, लांबी ३,७०० फूट. एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रं. मी एकदा सबटायटलांचा कंटाळा आला म्हणून हिशेब मांडला होता: चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. हे फक्त पडद्यावर दिसलेल्या लांबीचं. कापून टाकलेलं धरलं नाही, आणि प्रतींचं तर नाहीच. सगळी छिद्रं त्यांनी एकटीने पाडली असं माझं म्हणणं नाही. पण दिवसभर चुलीशी आणि रात्री नायट्रेटशी, अशी एकच व्यक्ती त्या घरात होती. चुलीपाशी असताना तिचे हात कोरडे आणि स्वच्छ हवेत, फिल्मपाशी असताना तिच्या पदराला निखाऱ्याची ठिणगी लागलेली नको, आणि पोरांपैकी कुणी दिवा घेऊन भलत्या खोलीत शिरायला नको. ही सगळी दक्षता कुठल्या कागदावर नव्हती. फाळक्यांनी त्यांना तारामतीची भूमिका कर म्हटलं तेव्हा त्यांनी नकार दिला, असं सांगतात. शेवटी ती अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने साडी नेसून केली. मला तो नकार नाटक-सिनेमाच्या संकोचापेक्षा कामाच्या वाटणीचा वाटतो. ही बाई कॅमेऱ्यापुढे उभी राहिली असती तर मागचं कोण बघणार होतं?

सहा महिने आणि सत्तावीस दिवस हे चाललं. बंगला शाबूत राहिला, चित्रपट पुरा झाला, ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला. ऑक्टोबरात सगळा कारखाना नाशिकला हलला.

कायद्याला मात्र आग कुठे लागते हे आधीच ठाऊक झालं होतं. पॅरिसमध्ये ४ मे १८९७ रोजी एका धर्मादाय जत्रेत चलच्चित्र दाखवताना प्रक्षेपकाच्या ईथरच्या दिव्यातून आग लागली आणि सव्वाशेवर माणसं होरपळून मेली. त्यांत सरदार-दरकदारांच्या घरच्या बायका अधिक होत्या. युरोपभर त्याची दहशत बसली. इंग्लंडने १९०९ साली कायदा केला, हिंदुस्थान सरकारने १९१८ साली. आपल्याकडे तो सिनेमॅटोग्राफ कायदा म्हटला की लोकांना सेन्सॉर आठवतं. पण त्याचा अर्धा जीव परवान्यात होता: प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची पुरेशी काळजी घेतली आहे अशी खात्री झाल्याशिवाय दाखवण्याच्या जागेला परवाना नाही. त्यामुळेच प्रक्षेपकाची खोली प्रेक्षागृहापासून वेगळी आणि न जळणाऱ्या बांधणीची झाली, भोकांना झटकन पडणाऱ्या लोखंडी झडपा आल्या, वाळूच्या बादल्या टांगल्या गेल्या. हे चांगलंच झालं. पण कायदा तिकीट काढून आलेल्या माणसाकडे बघत होता. फिल्म जिथे कापली जाते, डकवली जाते, रात्रभर पलंगाखाली पडून राहते, तिथे तिकीट नव्हतं.

आता आमच्या घरची गोष्ट.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यात एका टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. तंबू जत्रांबरोबर फिरायचा: पुसेगावचे सेवागिरी महाराज, पालीचा खंडोबा, मग उन्हाळाभर जिथे बाजार तिथे. पावसाला सुरुवात झाली की तंबू गुंडाळायचा. मालकाने जुन्या पौराणिक चित्रपटांच्या काही प्रती विकतच घेतल्या होत्या. दर हंगामात त्यांचे लचके तुटत. तर आषाढ ते भाद्रपद आजोबा त्या प्रती घरी आणत आणि दुरुस्त करत. महिन्याचा पगार बंद, रिळामागे पैसे. घरून काम.

आई तेव्हा सात-आठ वर्षांची. ती सांगते त्यावरून मी ते टेबल डोळ्यांपुढे आणू शकते. एका फळीवर दोन्ही टोकांना हाताने फिरवायच्या चकत्या, मधे पांढरं धोतर अंथरलेलं. आजोबा डाव्या चकतीवरून फिल्म उजवीकडे घेत आणि दोन बोटांत तिच्या कडा धरून ठेवत. छिद्र फाटलं असेल तिथे बोटाला खरखर लागते. लागली की थांबायचं, फाटलेली चौकट कात्रीने उडवायची, टोकावरचा चित्राचा थर थुंकी लावून पात्याने खरवडायचा, ब्रशने सिमेंट लावायचं आणि दोन टोकं दाबून दहापर्यंत मोजायचं. ते मोजणं आईचं काम. सिमेंटचा वास पिकलेल्या केळ्यांसारखा येई असं ती म्हणते. आणि फिल्मच्या कडेला मधूनमधून बारीक इंग्रजी अक्षरं असत. ज्या फिल्मवर ‘सेफ्टी’ लिहिलंय ती नव्या जातीची, सावकाश जळणारी. ती एका बाजूला. ज्यावर ते नाही ती दुसऱ्या बाजूला. तोवर जगभर नायट्रेटची फिल्म बनणं बंद होत आलं होतं, पण खेड्यांत फिरणाऱ्या जुन्या प्रतींना ते कोण सांगणार? आईला वाचता आलेला पहिला इंग्रजी शब्द ‘सेफ्टी’. अर्थ तिला कळला तो असा: या डब्यांना आपण हात लावला तर चालतं.

कारण नियम आजीचा होता. डबे घरात आले की चूल बाहेर. परसात पत्र्याच्या आडोशाला शेगडी मांडून ती भर पावसात स्वयंपाक करायची. विडी ओढणारा कुणी आला तर त्याला अंगणातच बसवायची, मग तो मालक का असेना. रॉकेलची चिमणी दुरुस्तीच्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडे जाणार नाही. म्हणून काम दिवसाउजेडीच. आणि देवघर त्याच खोलीत. नंदादीप लावायचा कसा? तिने तो तुळशीपाशी नेऊन ठेवला. पावसावाऱ्यात तो कितीसा टिकणार! ऐन श्रावणात या घरात देवापुढे दिवा नाही, म्हणून आळीत चर्चा झाली. आजी म्हणे, ‘देवांना चातुर्मास आहे. निजलेत ते. उजेड कशाला लागतो?’

हे तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. पहिल्या वर्षी आजोबांनी तिला अंगणात नेऊन चार बोटं फिल्म काडीने पेटवून दाखवली होती. तेवढं पुरलं.

मामाला मात्र पुरलं नाही. दुरुस्तीत उडवलेल्या चौकटी झाकणाच्या डब्यात टाकत. त्यांत हनुमान असे, सीता असे, अर्धा रावण असे. पोरांना त्याचा केवढा मोह. एका दुपारी आजोबा पोस्टात गेलेले असताना मामाने मूठभर तुकडे लांबवले आणि परसात शेगडीपाशी बसून एकेक चौकट उजेडाला धरून पाहायला लागला. कुठला तरी हनुमान हातातून निसटला. फस्सकन ज्वाळा उठली, बाजूचा तुकड्यांचा डबाही पेटला. तो त्याने सोबतच आणला होता. आजीने कोपरापर्यंत हात घालून डबा उचलला आणि अंगणातल्या डबक्यात भिरकावला. आई सांगते ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि नायट्रेटबद्दल वाचेपर्यंत मला ती अतिशयोक्ती वाटायची: पाऊस पडत होता, डबा पाण्यात होता, आणि पाण्यातून पिवळा धूर येतच होता.

आजीच्या उजव्या हातावर मनगटापासून वर सुरकुतलेला, चकचकीत पट्टा शेवटपर्यंत होता. मालकाने जळालेल्या तुकड्यांवरून काही म्हटलं नाही, ते टाकाऊच होते. पण आजोबा आठवडाभर दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकले आणि दोन रिळं उशिरा गेली, तेवढे पैसे कापले. हाताची चौकशी त्याने केली नाही. करायचं त्याच्या डोक्यातही आलं नसावं. ती त्याच्याकडे कामाला नव्हती.

फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाचा शेवट कसा झाला हे मला बरंच उशिरा कळलं. आज जी ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळं उरली आहेत ती १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, असं काही अभ्यासक मानतात. मूळ चित्रपटाची शेवटची प्रत एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात बैलगाडीने जात होती, पत्र्याच्या डब्यांवर ऊन तापत राहिलं आणि ती वाटेतच पेटली, असं त्याचं कारण सांगितलं जातं. चूल, दिवे, पोरंबाळं आणि साठ पानं वाढणारं घर ओलांडून ती फिल्म सुखरूप बाहेर पडली होती. मोकळ्या रस्त्यावर, घरचं कुणी जवळ नसताना जळली. त्याच १९१७ साली फाळक्यांनी ‘लंकादहन’ काढला, आणि पडद्यावरची ती आग पाहायला लोकांनी एवढी गर्दी केली की गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली. बैलगाडीने एकीकडे सिनेमा नेताना जाळला आणि दुसरीकडे आगीचा सिनेमा करून मिळवलेला पैसा वाहिला, हे वाचून आजोबा खूप हसले असते.

पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटची रिळं ठेवलेली होती. ८ जानेवारी २००३ रोजी तिथे आग लागली आणि मूकपटांच्या, आरंभीच्या बोलपटांच्या कितीतरी प्रती गेल्या. तेव्हा मी एका एडिटिंग रूममध्ये नोकरी करत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात ती बातमी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘रात्री तिथं निजायला कोण होतं?’ मला तो प्रश्न तेव्हा खुळा वाटला. सरकारी गोदामात कोण निजेल? आता वाटत नाही.

सध्याचा कायदा मी या निमित्ताने उघडून पाहिला. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा. इमारतीतली आगीची साधनं बसवून ती नीट ठेवायची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर. आमच्या सोसायटीच्या फलकावर जानेवारी आणि जुलैत त्या दाखल्याची आठवण लागते, सेक्रेटरी वर्गणी मागायला येतात, जिन्यातला लाल सिलिंडर पुसून घेतात. भोगवटादार हा शब्द मला फार आवडतो. सरकारी मराठीने नकळत खरं लिहून ठेवलं आहे: जी भोगते ती भोगवटादार.

पण जिन्यातला सिलिंडर जिन्यापुरता. माझ्या टेबलाखाली जे आहे ते सोसायटीचं नाही, आणि कंपनी तर दुसऱ्या देशात. कंपनीला माझं घर पाहायचं नाहीच. तिला फॉर्ममध्ये एक नाव हवं आहे, म्हणजे उद्या काही झालं तर कुणाकडे बोट दाखवायचं ते ठरलेलं बरं. लॅपटॉपची बॅटरी नायट्रेट नव्हे, पण स्वभावाने अगदी परकीही नाही. आतून बिघडली की स्वतःच तापत जाते, आणि एकदा भडकली की बाहेरून हवा कोंडून भागत नाही. आजीचा नियम तिला लावायचा तर लॅपटॉप परसात न्यावा लागेल, आणि परस आता नाही.

नियमांपैकी जेवढे जमले तेवढे केले. दुसरा एक्स्टेंशन बोर्ड काढून भिंतीत स्वतंत्र जोडणी करून घेतली. वायरमनने जुनी वायर दाखवली तेव्हा तिचं वेष्टण नखाने सुटत होतं. जिन्याकडच्या दारामागची रद्दी विकली. एक छोटा सिलिंडर आणून स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यामध्ये टांगला. तीन खोटी उत्तरं दुरुस्त केली.

मग अकराव्या प्रश्नात आईचं नाव लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला. थट्टा म्हणून नव्हे. रात्री दीड वाजता मी टेबलावरच डोकं टेकून झोपलेली असते तेव्हा यूपीएसवर हात ठेवून बघणारी या घरात तीच.

चौथ्या दिवशी फॉर्म परत आला. जबाबदार व्यक्ती कंपनीच्या नोंदीतली असणे आवश्यक. कृपया कर्मचारी क्रमांक भरा. आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, पण वरचं शीर्षक मोठं होतं. त्यावर बोट ठेवून तिने एकच शब्द मोठ्याने वाचला, ‘सेफ्टी’, आणि हा कुठल्या बाजूला ठेवायचा असं विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी माझं नाव आणि क्रमांक टाकला. तोवर तिने राउटरचा प्लग काढला होता. फॉर्म सेव्ह व्हायचा राहिला होता, तो मला पुन्हा भरावा लागला.